सोंद्रियोला उतरा: वाल्तेल्लिनाच्या द्राक्षमळ्यांतून

मिलानहून तिरानोला जाणाऱ्या गाडीत बहुतेकांना स्वित्झर्लंडला जाणारी बर्निनाची लाल रेल्वे पकडायची घाई असते. आम्ही तिरानोच्या आधीच, सोंद्रियोला उतरलो. तुम्हीही उतरा. मिलानपासून साधारण दोन तास. डावीकडची खिडकी धरा, लेक्कोनंतर बराच वेळ कोमो सरोवर दिसत राहतं. कागदी तिकिटावर चढण्यापूर्वीच स्टेशनातल्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर दंड.

वाल्तेल्लिना म्हणजे आद्दा नदीचं हे खोरं, पूर्व-पश्चिम पसरलेलं, त्यामुळे उत्तरेकडचा डोंगर दिवसभर उन्हात. पण उतार असा उभा की माती टिकावी म्हणून गडगेच गडगे रचलेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. सगळे मिळून सुमारे २५०० किलोमीटर! दिवसा तापलेले दगड रात्री वेलींना ऊब देतात आणि सरोवराकडून येणारा ब्रेव्हा वारा घड कोरडे ठेवतो. एरवी पिकायला हट्टी असलेलं नेब्बियोलो द्राक्ष (इथले लोक त्याला कियावेन्नास्का म्हणतात) म्हणूनच इथे जमतं. ट्रॅक्टर चढणं अशक्य. ऑक्टोबरात तोडणी हातानंच होते, काही मळ्यांतून तर क्रेट हेलिकॉप्टरनं खाली आणतात. इथल्या वाइनची बाटली महाग का, हे चढावर दम लागला की कळतं.

गावातून सास्सेल्लाच्या चर्चपर्यंत चालत जा. बूट चांगले हवेत, पाणी सोबत घ्या, आणि फोटोसाठी गडग्यांवर चढू नका. वाइनरीत आगाऊ ईमेल केल्याशिवाय जाऊ नये. रविवारी आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी दार बंद मिळण्याचीच शक्यता जास्त.

वाइन चाखताना आधी साधी रोस्सो, मग वरच्या दर्जाची सुपेरियोरे, स्फोर्झातो शेवटी. स्फोर्झातोसाठी घड डिसेंबरपर्यंत हवेशीर माळ्यावर वाळवतात. अल्कोहोल किमान १४ टक्के. नाव तिचंच मोठं, पण मला सास्सेल्ला (त्या चर्चभोवतालच्या मळ्यांतली सुपेरियोरे) अधिक आवडली: रंगानं फिकी, चवीला करारी.

शाकाहारींची इथे आबाळ होत नाही. कुट्टूच्या पिठाचे पित्झोक्केरी (पास्त्याच्या पट्ट्या) बटाटा, कोबी, चीज आणि भरपूर लोण्यात येतात. शात्त म्हणजे चीजची गरमागरम भजीच, फक्त पिठात बहुधा ग्राप्पा (द्राक्षांच्या चोथ्याची दारू) असते. ब्रेसाओला मात्र वाळवलेल्या गोमांसाचं, तेव्हा विचारून मागवा.

परतीसाठी गाडी भाड्यानं घेऊ नका, रेल्वे बरी. बाटल्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळा. भारतात माणशी दोन लिटरपर्यंतच करमुक्त.