युरोपात हवामानाचं धोरण ठरतं ते भांडून, आणि तेच बरं आहे

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आठ दिवस सगळे हवामान बदलावर बोलतात, पहिला पाऊस पडला की विषय बंद. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट घट्ट बसलीय, की किती धूर कमी करायचा, कधीपर्यंत करायचा आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे कुठेतरी कोणीतरी ठरवत असेल ना? आपल्याकडे ते शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही, म्हणून मी युरोपचं वाचायला लागले. तिथले लोक फार निसर्गप्रेमी म्हणून तिथे कायदे झाले असा आपला एक समज असतो. वाचलं तर कळतं की तिथे प्रचंड भांडणं झालीत, रस्त्यावर ट्रॅक्टर आलेत, मंत्री एकमेकांच्या विरोधात गेलेत. पण भांडायला ठरलेली जागा आहे आणि भांडून झाल्यावर जे ठरतं ते आकडा नि तारीख टाकून कायद्यात लिहितात.

यंत्रणा आधी थोडक्यात सांगते. युरोपियन युनियनमध्ये २७ देश. कायद्याचा मसुदा आणायचा तो कमिशनने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाने, मग निवडून आलेली संसद आणि सगळ्या देशांच्या मंत्र्यांची कौन्सिल, दोघांचा होकार लागतो. कौन्सिलमध्ये बहुतेक विषयांना किमान १५ देश हवेत आणि त्यांची लोकसंख्या मिळून ६५ टक्के भरायला हवी. जून २०२४ मध्ये बिघडलेली जमीन, नद्या, जंगलं पूर्ववत करायचा कायदा आला तेव्हा हे गणित अगदी काठावर होतं, ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोर गेवेसलर यांनी स्वतःच्या चॅन्सलरचा, म्हणजे सरकारच्या प्रमुखाचा, विरोध असताना हो म्हटलं आणि जेमतेम ६६ टक्क्यांवर कायदा पास झाला. चॅन्सलरच्या पक्षाने त्यांच्यावर पदाच्या गैरवापराची तक्रार करू म्हणून सांगितलं होतं, तरी बाई हटल्या नाहीत. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मोठा कायदा २०२१ चा, युरोपियन क्लायमेट लॉ. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन किमान ५५ टक्के कमी आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं हवेत सोडायचं तेवढंच शोषून घ्यायचं. हे भाषणातलं वाक्य नाही, कायद्याचं कलम आहे. आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे वाटणी. कारखाने आणि वीज केंद्रं सोडून बाकीचं, म्हणजे गाड्या, घरं, शेती, कचरा, याचं ओझं २७ देशांत सारखं वाटलेलं नाही. जर्मनी, डेन्मार्क, स्वीडनला २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ५० टक्के कपात, आणि बल्गेरियाला १० टक्के. गावात गणपतीची वर्गणी ठरते तसंच, ज्याची ऐपत जास्त त्याचा आकडा मोठा. आपल्या देशात महाराष्ट्राने किती आणि बिहारने किती, किंवा महाराष्ट्रातच पुण्याने किती नि नंदुरबारने किती, असा हिशोब कोणी मांडलेला मी तरी पाहिला नाही.

मग कारखाने आणि वीज केंद्रांचं काय, तर त्यांच्यासाठी २००५ पासून परवान्यांचा बाजार आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड सोडायचा तर एक परवाना लागतो आणि एकूण परवाने दरवर्षी कमी होत जातात. सुरुवातीला हे सपशेल फसलं होतं, परवाने फुकट आणि इतके जास्त वाटले की २००७ मध्ये भाव जवळपास शून्यावर आला, मग मंदीत पुन्हा पडला. त्यांनी नियम बदलत बदलत तो बाजार आवळला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव टनाला १०० युरोच्या वर जाऊन आला. परवान्यांच्या लिलावातून येणारा पैसा देशांना मिळतो आणि त्यातला काही भाग गरीब देशांच्या वीज व्यवस्थेसाठी बाजूला काढलेला असतो.

आता कोळसा. इथे मी जरा थांबणार, कारण दीपनगर, म्हणजे भुसावळचं कोळशावरचं वीज केंद्र, आमच्या घरापासून लांब नाही. माझे वडील तिथे कंत्राटदाराकडे कामाला होते, तिथल्या चिमण्या, राख, राखेचे ट्रक, सगळं लहानपणापासून बघितलंय, त्या राखेने काळी पडलेली वाळवणं बघितलीत आणि त्याच पगारावर आमची शाळेची फी भरलेली पण बघितलीय. त्यामुळे "कोळसा बंद करा" असं कोणी शहरातून सहज म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जर्मनीने हे कसं केलं ते बघा. २०१८ मध्ये एक आयोग बसवला, त्यात वीज कंपन्या, कामगार संघटना, पर्यावरणवाले, शास्त्रज्ञ आणि कोळसा पट्ट्यात राहणारे लोक, सगळे एका टेबलावर. महिनोन् महिने वाद घालून २०१९ च्या जानेवारीत अहवाल आला, उशिरात उशिरा २०३८ ला कोळसा बंद. २०२० मध्ये कायदा झाला, खाणपट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत मदत लिहून ठेवली आणि ५८ च्या पुढच्या कामगारांना नोकरी गेली तर पेन्शन सुरू होईपर्यंत काही वर्षं भत्ता. पूर्व जर्मनीत लाउझित्स नावाचा खाणपट्टा आहे, तिथे १९९० नंतर खाणी धडाधड बंद पडून हजारो लोक बेकार झाले होते, तो राग तिथे अजून आहे, म्हणून या वेळी आधी पैसे नि मग तारीख हा आग्रह झाला. पर्यावरणवाले म्हणतात २०३८ फार उशीर, आणि शास्त्राच्या हिशोबाने ते बरोबरच आहेत. पण तारीख आहे!

पोलंडने पण असंच अडवून धरलं. डिसेंबर २०१९ मध्ये बाकी सगळे देश २०५० चं ध्येय मान्य करत होते तेव्हा पोलंड म्हणालं आम्ही आत्ता नाही, आमची वीज कोळशावर आहे. कोळसा पट्ट्यांसाठी पुढे १७.५ अब्ज युरोचा जस्ट ट्रान्झिशन फंड उभा राहिला, त्यात सगळ्यात मोठा वाटा पोलंडचा. कोणी याला ब्लॅकमेल म्हणेल, मी नाही म्हणणार. ज्याची चूल विझणार तो विचारणारच की.

आणि दीपनगरला? तिथे ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिलाय. भारताने २०७० ला नेट झिरो जाहीर केलंय, ठीक आहे, पण कुठला संच कधी बंद होणार, कायम कामगारांचं काय, कंत्राटी पोरांचं काय, हे त्यांच्यासोबत बसून कोणी ठरवतंय असं काही ऐकिवात नाही. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, माझे मामा त्या बाजूचे, ते एकदा सहज म्हणाले, "वारा आमना, वीज कोठे जास?" हा प्रश्न ब्रसेल्समध्ये, जिथे युरोपियन युनियनचा कारभार चालतो, कोणी विचारला असता तर त्यावर समिती बसली असती.

न विचारता केलं की काय होतं ते फ्रान्सने दाखवलं. २०१८ मध्ये डिझेल पेट्रोलवरचा कार्बन कर वाढवत न्यायचं ठरलं, पॅरिसमध्ये मेट्रो आहे पण खेड्यातल्या माणसाला गाडीशिवाय कामावर जाता येत नाही, नोव्हेंबरमध्ये पिवळी जॅकेटं घालून लोक चौकाचौकात उतरले आणि वाढ रद्द झाली, तो कर तेव्हापासून टनाला ४४.६० युरोवरच अडकून आहे. त्यानंतर सरकारने चिठ्ठ्या टाकून १५० साध्या नागरिकांना निवडलं आणि महिनोन् महिने शास्त्रज्ञांसोबत बसवलं, त्यांनी १४९ सूचना दिल्या. २०२१ च्या कायद्यात त्यातल्या बऱ्याच पातळ झाल्या हे वाईटच झालं. पण चिठ्ठीत नाव आलेला माणूस कायद्यावर बोलतो ही कल्पना मला फार आवडते, जळगाव जिल्ह्यातून अशा १५० चिठ्ठ्या निघाल्या तर त्यात रावेरचा केळीवाला, पारोळ्याची कापूस वेचणारी बाई आणि सातपुड्यातला पावरा माणूस, सगळे येतील.

सरकारने आकडा लिहिला नाही किंवा पाळला नाही तर तिथे लोक कोर्टात जातात. नेदरलँड्समध्ये उर्गेंडा नावाची संस्था आणि ८८६ नागरिक गेले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला २०२० पर्यंत २५ टक्के कपात करायलाच लावली. जर्मनीत २०२१ मध्ये तिथलं घटना न्यायालय म्हणालं की २०३० नंतरचं नीट काही ठरवलं नाही म्हणजे सगळं ओझं तुम्ही तरुणांवर ढकलताय, आणि काही आठवड्यांत सरकारने २०३० चं ध्येय ६५ टक्क्यांवर नेलं. स्वित्झर्लंडच्या आज्यांची केस तर सगळ्यांनी वाचावी. २००० च्या वर बायका, सरासरी वय ७३, त्यांचं म्हणणं एवढंच की उष्णतेच्या लाटेत आम्ही सगळ्यात आधी मरतो आणि सरकार पुरेसं करत नाही. ९ एप्रिल २०२४ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. स्विस संसदेने दोन महिन्यांत आम्ही पुरेसं करतोय म्हणून हात झटकले, तरी निकाल निकाल असतो. त्याच्या थोडं आधी, मार्च २०२४ मध्ये, आपल्या सुप्रीम कोर्टाने माळढोकाच्या केसमध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क मानला. भुसावळात पत्र्याच्या खोलीत मे महिना काढणाऱ्या किती आज्यांना हे माहीत असेल?

बाहेरून युरोपात येणाऱ्या मालावर लागणाऱ्या, सीमेवरच्या कार्बन कराचं आपल्याकडे खूप चाललंय म्हणून एवढंच, तो १ जानेवारी २०२६ पासून खरा लागू झालाय, पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांना. जळगाव एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या चटया नि पाईप सध्या त्यात नाहीत.

आणि शेती, जिथे युरोप स्वतःच सगळ्यात जास्त अडखळला. २०२४ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्स गाठलं आणि कीटकनाशकं निम्मी करायचा प्रस्ताव कमिशनने मागे घेतला. त्याच वर्षी डेन्मार्कने मात्र जनावरांच्या उत्सर्जनावर कर लावायचं ठरवलं, जगात पहिल्यांदा, आणि ते ठरवताना शेतकरी संघटना, निसर्ग संघटना, कामगार संघटना, उद्योग, पालिका सगळे सरकारसोबत बसले. २०३० पासून टनाला ३०० क्रोनर, २०३५ ला ७५०, पण त्यात ६० टक्के सूट, म्हणजे सुरुवातीला प्रत्यक्षात १२०, आणि सुरुवातीची वसुली शेतीच्याच बदलासाठी परत. शिवाय अडीच लाख हेक्टर नवीन जंगल. तिथल्या काही शेतकऱ्यांना हे जास्त वाटतं, पर्यावरणवाल्यांना कमी, पण दोघांच्या सह्या एकाच कागदावर आहेत.

माझा भाऊ यावल तालुक्यात केळी करतो. त्याच्या केळीचा विमा कमी तापमान, जास्त तापमान आणि वाऱ्याचा वेग यांच्या ठरलेल्या आकड्यांवर चालतो, आकडा गाठला तर पैसे, नाही तर नाही. डेन्मार्कचं सांगितलं तेव्हा तो कराबद्दल काहीच बोलला नाही, त्याने विचारलं की त्या टेबलावर शेतकऱ्यांचे किती लोक होते आणि त्यांना कोणी निवडलं. मी त्याला सांगितलं की ती त्यांची स्वतःची संघटना आहे, शेतकऱ्यांनीच चालवलेली. मग तो म्हणाला, आपला आकडा ठरवतानाची मीटिंग कुठे होते ते आधी शोध. ते आता शोधतेय, कोणाला नक्की माहीत असेल तर कळवा.