वीस रुपयांचा विमा आणि अठरा मीटर पाणी

मे महिना लागला की मी काउंटरखालची निळी वही काढते. ज्यांच्या खात्यात वीस रुपयेही उरलेले नसतात, त्यांची नावं तिच्यात असतात. १ जूनपासून प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचं, म्हणजे वीस रुपयांच्या अपघात विम्याचं नवं वर्ष, त्याआधी पैसे कटले पाहिजेत. मग फोन सुरू. "काकाजी, वीस रुपये टाका खात्यात, विमा तुटते." पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात बँकेची शाखा नाही, माझं ग्राहक सेवा केंद्र हीच शाखा. हा विमा बारा रुपयांचा होता तेव्हापासून मी काढून देते. जून २०२२ मध्ये तो वीसचा झाला, तेव्हा वरच्या आठ रुपयांसाठी किती बोलणी खाल्ली ते माझं मला माहीत.

हे सगळं सांगायचं कारण, अपघात विमा म्हणजे काय ते आपल्याला कळतं असा माझा समज होता.

गेल्या वर्षी धान कापणीच्या गडबडीत मुलाचा नागपूरहून फोन आला. "आई, तारकर्लीले चाललो. स्कुबाचा कोर्स करतो." स्कुबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायचं. लग्नसराईत कॅमेरा धरून त्यानं फीचे पैसे स्वतःच जमवले होते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या मामाजी, म्हणजे माझे सासरे, ऐकत होते. "बोडीत पोहून मोठा झाला, आता पोहाचा कोर्स कायले?" मी म्हटलं, "पोहायचा नाही, बुडायचा आहे."

त्यांना हसू आलं. मला नाही आलं. वैनगंगा पावलावर आहे, गोसेखुर्द धरणाचं पाणी भरल्यापासून तर आणखीच जवळ आली. बुडणं म्हणजे काय ते या काठावर कुणाला सांगावं लागत नाही.

"विमा आहे का रे?" मी विचारलं. "आहे ना, फॉर्मवर सही घेतात," म्हणाला. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. तो विमा नव्हताच. धोक्याची कल्पना मला दिली आहे, काही झालं तर डायव्हिंग केंद्राला जबाबदार धरणार नाही, अशा अर्थाचं ते हमीपत्र होतं. एवढी गोष्ट वीस वर्षांच्या शिकलेल्या पोराला कळली नाही याचा राग आला. मग आठवलं, माझ्याकडे अंगठा लावणारी माणसंही मी पुढे सरकवलेला कागद असाच विम्याचा समजून जातात.

दुसरा कागद तब्येतीच्या प्रश्नांचा. दमा, फिट, हृदय, कान, नाक, ऑपरेशन, चालू गोळ्या. एकाचंही उत्तर ठराविक जागी 'हो' आलं की डॉक्टरची सही आणल्याशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. यानं सगळीकडे 'नाही' लिहून टाकलं होतं. अरे, चौथी-पाचवीत तुझा कान वाहायचा, पवनी ते भंडारा खेपा कोणी घातल्या? "तवाचं आता काऊन लिहू? पाठवून देतीन वापस." त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. क्लेम कुठे अडकतो ते मी रोज पाहते. पैसे भरले नाहीत म्हणून कमी, खरं लिहिलं नाही म्हणून जास्त. आणि पैशाचं सोडा, पाण्याखाली उतरताना दाब पहिल्यांदा कानाच्या पडद्यालाच कळतो. शेवटी नागपूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पडदा तपासला, नाक धरून फुंकायला लावलं, आपल्याकडचा डॉक्टर विचारतोच तसं सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही विचारलं, आणि सही दिली. दोन दिवस गेले, एवढंच.

आता विमा. वीसवाला त्याच्या नावावर होताच. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर एक लाख. बुडून मृत्यू त्यात बसतो, पण पोलिसांत नोंद पाहिजे. साप चावला किंवा झाडावरून पडला तर दवाखान्याचा कागद पाहिजे. हे मला तोंडपाठ आहे. शेतकरी अपघाताची गोपीनाथ मुंडेंच्या नावाची योजना आहे, तिचेही दोन लाख. म्हणजे पोरगं गेलं तर कागदावर चार लाख होत होते. हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि लगेच पान फाडलं. कारण पोरगं गेलं नाही, नुसतं जखमी झालं, तर उपचाराला या दोन्हींतून रुपया मिळत नाही.

आणि शिकाऊ माणसाला जे व्हायचं ते बहुतेक असंच असतं. त्यानं कोर्सचं पुस्तक पाठवलं होतं, त्यानं नाही पण मी ते पूर्ण वाचलं. दहा मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा दम कोंडून वर आणली तर वर येईपर्यंत दुप्पट फुगते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम. मला वाटत होतं खोल गेलं की धोका. उलट आहे. फुगण्याचा वेग शेवटच्या काही मीटरमध्येच सगळ्यात जास्त. नवखा माणूस घाबरतो, दम कोंडतो आणि वर पळतो, तेव्हा दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर मेंदूपर्यंत जातो. दुसरा प्रकार नायट्रोजनचा. खाली रक्तात विरघळलेला हा वायू भरकन वर आलं की बुडबुडे धरतो. त्यावर उपचार म्हणजे माणसाला बंद दाबकक्षात ठेवून पुन्हा १८ मीटर खोलीएवढा दाब देतात, शुद्ध ऑक्सिजन लावतात आणि हळूहळू दाब उतरवतात. नेहमीची पहिली फेरी पावणेपाच तासांची. कोर्सची खोलीची मर्यादाही १८ मीटरच आहे. तो आकडा मला दोनदा भेटला.

यात एक गोष्ट मला खटकली. वीसवाल्या विम्यात अपघात म्हणजे बाहेरून, हिंसक आणि दिसेल अशा कारणानं अचानक घडलेली घटना. रक्तातला बुडबुडा कोणाला दिसतो? पंचनाम्यात काय लिहिणार?

म्हणून घरच्या आरोग्य विम्याची पॉलिसी वाचायला घेतली, तिच्यात तो अजून माझ्यावर अवलंबून म्हणून आहे. कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत, नवव्या क्रमांकाच्या वगळण्यात, पॅराजम्पिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, घोड्यांची शर्यत यांच्या रांगेत 'स्कुबा डायव्हिंग' सरळ छापलेलं! पॉलिसी मिटवली. रात्री पुन्हा उघडली. वाक्याच्या सुरुवातीला शब्द होते, व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास. विमा नियामकानं २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्याची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली, तिच्यातला हा शब्द. फी भरून शिकणारा पोरगा व्यावसायिक कसा? मी कंपनीला ईमेल केला. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला अकराव्या दिवशी आलं: प्रशिक्षणार्थी व्यावसायिकात धरला जात नाही, मात्र प्रत्येक दावा कागदपत्रांवर ठरेल. हे 'मात्र' मला ओळखीचं आहे. तरी छापून फाइलला लावलं.

मग दुसऱ्या एका कंपनीची वैयक्तिक अपघात पॉलिसी पाहिली. एजंट फोनवर म्हणाला, "होऊन जाईल ना मॅडम, काही टेन्शन नका घेऊ." हे वाक्य मी स्वतः काउंटरवर दिवसातून किती वेळा म्हणते! पॉलिसीची पूर्ण प्रत मागितली. तिच्यात साहसी खेळ सरसकट वगळलेले, 'व्यावसायिक' शब्दच नाही. त्याच खेळाला एका पॉलिसीत जागा, दुसरीत नाही. घेतली नाही.

डायव्हिंगवाल्यांचा स्वतःचा विमा वेगळाच असतो. डाईव्हर्स अलर्ट नेटवर्क नावाची संस्था १९८० मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात सुरू झाली. तिच्यासारख्यांच्या विम्यात दाबकक्ष, रुग्णाला हलवण्याचा खर्च, फोनवर डायव्हिंग जाणणारा डॉक्टर असं सगळं येतं. मी प्रशिक्षकाला फोन लावून तीन गोष्टी विचारल्या. तुमचा विमा तुमच्या बचावाचा की मुलांच्या उपचाराचा? सगळ्यात जवळचा दाबकक्ष कुठे? शिकाऊंसाठी डायव्हिंगचा विमा काढून देता का? पहिल्यावर थोडा वेळ शांतता. दुसऱ्याला "गोव्याकडे". तिसऱ्याला "बघून कळवतो ताई". कोर्स संपला तरी कळवलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता, पोराला पाण्यात नीट जपलं त्यानं. कागदाचं त्याला वावडं असावं.

एक भांडण तेवढं मी जिंकले. शेवटची डाईव्ह झाली की त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसनं भंडारा रोड, असा साहेबांचा बेत. पुस्तकात लिहिलं होतं, अनेक दिवस डाईव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये, आणि सहाशे मीटरच्या वर चढायलाही हाच नियम. कोकणातून वर येणारे घाट त्याच्या आसपास जातात. "एस.टी. काय विमान आहे का?" म्हणत होता. एका रात्रीचं मुक्कामाचं भाडं मी पाठवलं.

आला. काळा पडलेला, एका कानात दडा, दोन दिवसांत गेला. लॉगबुकात चार डाईव्ह, प्रत्येकीखाली प्रशिक्षकाची सही. मामाजींनी ते वहीसारखं उलटून पाहिलं. "मासे भेटले का गा?" "लय भेटले." "आनले नाही?"

जेवताना हळूच म्हणाला, "आई, पुढचे कोर्स केले की तिथंच काम भेटते. पगार देतात."

मी भात वाढला आणि फाइल काढायला उठले. पगार घेतला की तो व्यावसायिक झाला, आणि मग नववा क्रमांक त्याला लागू.