तुम्ही विचारलंत म्हणून: सीएमएमला रूबीचीच टिप लावायची का?

"रूबी घेतली की झालं ना?" सीएमएम, म्हणजे तिन्ही अक्षांत मापं घेणारं मशीन. त्याच्यासाठी टिप (टोकाला बॉल असलेली, मोजताना टेकणारी काडी) मागवायची वेळ आली की हा प्रश्न हमखास येतो. जॉबला, म्हणजे मोजायच्या भागाला, नुसतं टच करणार असाल, तर हो, झालं. स्कॅनिंग करणार असाल, तर जॉब कशाचा आहे ते आधी सांगा.

टच-ट्रिगरमध्ये बॉल टेकतो आणि लगेच मागे येतो, त्यामुळे झीज जवळजवळ नाहीच. कृत्रिम रूबी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. कडक, गुळगुळीत, आणि गोलाईच्या ग्रेड ५ चा बॉल ०.१३ मायक्रॉनच्या आत गोल. एवढ्यात भागतं. स्कॅनिंगला मात्र तोच बॉल दिवसभर जॉबवर घासत फिरतो.

चाकण पट्ट्यात होतात तसल्या डायकास्ट अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर रूबी फिरवत राहिलात, की अ‍ॅल्युमिनियम बॉलला धरतं. टिप काढून दहापट भिंगाखाली बघा: लाल बॉलच्या पोटावर राखाडी, चकचकीत पट्टा दिसेल. नुसत्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून तो सहसा जात नाही. त्या पट्ट्यावर बॉल फुगलेला असतो आणि सॉफ्टवेअरकडे व्यास जुनाच असतो. मग बोअर (जॉबमधलं गोल भोक) आहे त्यापेक्षा लहान वाचला जातो. रिपोर्ट बघून मशीनवाला टूलला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देतो आणि चांगले येणारे बोअर ओव्हरसाइज होऊ लागतात. टूलवर संशय घेतला जातो, टिपकडे कोणी बघत नाही. अशा जॉबला सिलिकॉन नायट्राइडचा बॉल लावा, त्याला अ‍ॅल्युमिनियम धरत नाही.

कोल्हापूरच्या फौंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगचं उलटं आहे. बीड चिकटत नाही, खरवडतं. रूबीवर चपटा चट्टा पडतो आणि बोअर मोठा वाचला जातो. तिथे झिरकोनिया. अ‍ॅल्युमिनियमवर छान चालली म्हणून सिलिकॉन नायट्राइडची टिप स्टीलच्या जॉबवर फिरवू नका, तिथे ती झिजते. डायमंड कोटिंगचा बॉल दोन्हीकडे टिकतो, पण किंमत बघता रोज एकच जॉब तासन्‌तास स्कॅन होत असेल तरच त्याचा हिशेब बसतो.

खरं तर बॉलवर एवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी स्टेमवर, म्हणजे बॉल धरणाऱ्या काडीवर, व्हायला हवी. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला स्टेम आठपट वाकतो. व्यास निम्मा केला तर सोळापट. स्टीलपेक्षा कार्बाइड साधारण तिप्पट ताठ. म्हणून १ मिमी किंवा त्याखालच्या बॉलला कार्बाइडचाच स्टेम हवा. २ मिमीच्या पुढचा बॉल आणि ३० मिमीपर्यंत लांबी असेल तर स्टील चालतं. त्यापुढे कार्बाइड चालेल, पण ते जड. लांबी ५० मिमीच्या वर गेली, की कार्बन फायबर. सिरॅमिकही हलकं आणि ताठ, फक्त धडक बसली की तुकडे. लांबी वाढवायला स्टीलचं एक्स्टेन्शन जोडताना तापमानही लक्षात घ्या: ५० मिमीचा तुकडा २ अंशांत एक मायक्रॉनहून जास्त वाढतो. शिवाय प्रत्येक जोड म्हणजे हलायला एक जागा. एम२ ला एम३ चा अ‍ॅडाप्टर, त्यावर एक्स्टेन्शन, त्यावर नकल (कोन बदलता येणारा सांधा), अशी आगगाडी बनवू नका.

समजा ८ मिमीचं, २५ मिमी खोल भोक आहे. हाताशी १ मिमीची टिप आहे म्हणून तीच लावली, तर तिचा ०.७ मिमीचा बारीक स्टेम तर वाकतोच, पण खोलवर मोजताना बॉलच्या आधी तोच भोकाच्या कडेला टेकू शकतो. मग प्रोब (टिप धरणारा सेन्सर) ट्रिगर होतो, रीडिंग येतं, आणि ते खोटं असतं. इथे ४ मिमीचा बॉल घ्या. दोन्ही बाजूंना २ मिमी जागा उरते. प्रोग्राममधलं अ‍ॅप्रोच अंतर १ मिमीवर आणा. मोठ्या बॉलचा आणखी फायदा म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा रीडिंगमध्ये कमी उतरतो. कॅटलॉगमधली एकूण लांबी बघून फसू नका. बॉलच्या मध्यापासून स्टेम जॉबला लागेल तिथपर्यंतची कामाची लांबी बघा, ती २५ च्या वर हवी.

म्हणून मागणीवर 'रूबी टिप, एक नग' एवढंच लिहू नका. थ्रेड, बॉलचा व्यास आणि मटेरियल, स्टेमचं मटेरियल, एकूण लांबी आणि कामाची लांबी, सगळं लिहा. नवी टिप बसवताना बॉल आणि मास्टर बॉल (टिप तपासायचा, माप माहीत असलेला गोळा) दोन्ही पुसून मग कॅलिब्रेट करा. स्कॅनिंग रोजचं असेल तर शिफ्टच्या शेवटी रिंग गेज (आतला व्यास नेमका माहीत असलेली कडी) त्याच टिपने स्कॅन करा. मास्टर बॉलवरचे पाच-सात टच पॉइंट चट्टा चुकवून जाऊ शकतात. रिंगमध्ये बॉलचं पोट सगळीकडून फिरतं, आणि चिकटलेलं किंवा झिजलेलं व्यासात दिसतं.