तुरट अर्क आणि तीन चाचण्या

हेपटायटिस बी वरचं औषध पेशींवर तपासताना एक गोष्ट हळूहळू अंगवळणी पडते. टेनोफोव्हिर किंवा लॅमिव्ह्युडिन घातलं की मीडियामधला, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातला, विषाणूचा डीएनए झपाट्याने खाली येतो, पण सरफेस अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन, जवळपास तेवढंच राहतं. ही औषधं विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनण्याची पायरी अडवतात. अँटिजेन आरएनएवरून थेट बनतं, त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही. म्हणून त्या गुरुवारी सकाळी आमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने आकडे समोर ठेवले तेव्हा मी आधी प्लेटचा नकाशा तपासला. भुईआवळीच्या अर्काने डीएनए खाली आणला होता, अँटिजेनही खाली आणलं होतं. आणि पेशी किती जिवंत ते सांगणाऱ्या एमटीटी चाचणीच्या हिशोबाने पेशी ठणठणीत होत्या. अर्काविना वाढलेल्या पेशींपेक्षा थोड्या जास्तच.

तो ‘जास्तच’ मला खटकला. सरांना नाही खटकला. त्यांनी जिन्यातूनच फोन लावला होता आणि ही वनस्पती पाठवणाऱ्या, काविळीवर औषध देणाऱ्या आजोबांना सांगून टाकलं होतं की रिझल्ट फार चांगला आहे, जमलं तर आजच या. आमच्याकडे घाई नेहमी अशीच वरून खाली येते, आणि तिचं उत्तर मात्र खालच्यांनी द्यायचं असतं.

या पेशींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पेशी म्हणजे बाटलीत आपोआप वाढणारं काहीतरी. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या यकृताच्या गाठीतून हेप जी २ ही पेशीवंशावळ निघाली. १९८७ साली तिच्यात हेपटायटिस बीचा डीएनए कायमचा बसवला गेला. आम्ही वापरतो ती ही, हेप जी २.२.१५. बाहेरून विषाणू घालावा लागत नाही, त्या स्वतःच विषाणूचे कण आणि अँटिजेन मीडियात सोडत राहतात. पण त्यांचा स्वभाव त्रासदायक आहे. एकसारख्या पसरत नाहीत, बेटं करून एकमेकींवर चढून वाढतात. ट्रिप्सिन हे एन्झाइम देऊन सुटताना गुठळ्या राहतात, आणि गुठळी घेऊन प्लेट लावली की एका वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, पेशींचा ढीग, शेजारच्यात मोकळं मैदान. कोलॅजनचा थर दिलेल्या प्लेटवर त्या बऱ्या बसतात. मीडिया बदलताना पिपेटची टिप वेलच्या भिंतीला टेकवून थेंब थेंब सोडावा लागतो, नाहीतर आख्खी चादर उलगडून वर येते. आमच्या विद्यार्थिनीचा हात याबाबतीत मी पाहिलेल्या उत्तम हातांपैकी आहे. तिच्या एकाच नमुन्याच्या तिन्ही वेलचे आकडे एकमेकांना चिकटून येतात. कामात खोट असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्या कामात खोट नव्हती.

भुईआवळीचं नाव या क्षेत्रात नवं नाही. सरफेस अँटिजेनच्या शोधासाठी ज्यांना १९७६ चं नोबेल मिळालं ते बरुच ब्लमबर्ग आणि मद्रासचे एस. पी. त्यागराजन यांच्या गटाने १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल दिला होता. भुईआवळीची पावडर घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून अँटिजेन गेलं, नुसती खोटी गोळी घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी चाचण्या केल्या आणि त्यांच्या हाती तसं काही लागलं नाही. वनस्पतीची जात वेगळी होती का, पावडर वेगळी होती का, यावर वाद झाले. भुईआवळीसारख्या दिसणाऱ्या तीन-चार जाती एकाच शेतात उगवतात आणि बाजारात सगळ्या एकाच पोत्यात जातात, हे खरंच आहे. त्यामुळे ‘भुईआवळी तपासली’ हे वाक्य माझ्या दृष्टीने अर्धवट आहे. आजोबांनी पाठवलेली मुळासकट होती, ते बरं झालं.

मी विद्यार्थिनीला म्हटलं, “आज पेशी बाजूला ठेव. पेशींशिवाय करू.”

“पेशींशिवाय काय मोजायचं, मॅम?”

भुईआवळीत टॅनिन भरपूर असतं. हिरडा चावल्यावर जीभ आकसते ती टॅनिनमुळेच, लाळेतल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं. आमच्या वेलमध्येही प्रथिनंच आहेत. अँटिजेन हे प्रथिन, ते मोजणाऱ्या एलायझा चाचणीच्या प्लेटवर बसवलेली अँटिबॉडी हे प्रथिन, डीएनए मोजणाऱ्या पीसीआरचं एन्झाइम हेही प्रथिन. मग अर्क कुणाकुणाला धरून बसलाय, हे पेशी काढल्याशिवाय कसं कळणार?

अर्क कधीच न दिलेल्या वेलमधला मीडिया फ्रीजरमध्ये होता. भरपूर अँटिजेन असलेला. त्यात आम्ही नळीतच अर्क मिसळला, तासभर ३७ अंशाला ठेवला आणि एलायझा लावली. रंग येण्याची वेळ झाली तेव्हा नुसत्या मीडियाचे वेल गडद निळे झाले आणि अर्क मिसळलेले फिकटच राहिले. ॲसिड घालून ४५० नॅनोमीटरला वाचलं. सकाळच्या पेशींच्या प्लेटमध्ये जेवढी घट होती, जवळपास तेवढीच घट नळीतही होती. पेशींचा काही संबंधच नव्हता. अँटिजेन बनणं थांबलं नव्हतं, ते दिसणं थांबलं होतं.

दुसरीकडे रिकाम्या वेलमध्ये मीडिया, अर्क आणि एमटीटी. जिवंत पेशी या पिवळ्या द्रावणाचं जांभळं करतात, त्यावरून त्या किती जिवंत ते ठरतं. इथे एकही पेशी नव्हती तरी जांभळं झालं. टॅनिनसारखे पदार्थ स्वतःच एमटीटीचं रूपांतर करतात. सकाळच्या ‘जास्तच’ जिवंत पेशींचं उत्तर हे होतं.

उरला डीएनए. शुद्ध केलेल्या नमुन्यांत आम्ही माहीत असलेला दुसरा डीएनए ठरलेल्या प्रमाणात घातला आणि पीसीआर लावला. अर्क दिलेल्या नमुन्यांत तोही उशिरा वर आला, म्हणजे अडथळा प्रतिक्रियेतच होता. नमुने दहापट पातळ केल्यावर अडथळा गेला आणि विषाणूचा डीएनएही परत दिसू लागला.

तीन वेगवेगळ्या चाचण्या एकमेकींना दुजोरा देतात म्हणून आपण निर्धास्त होतो. इथे तिन्हींना एकाच पदार्थाने एकाच दिशेला वळवलं होतं. आमच्या लिखित कार्यपद्धतीत पेशीविना नियंत्रण, म्हणजे पेशी न घालता केलेली तुलनेची चाचणी, अशी ओळच नाही. ती शुद्ध रसायनांसाठी लिहिलेली आहे, आणि वनस्पतींच्या अर्कांना तशीच लावली जाते. अर्कांवरचे किती निबंध याच वाटेने छापले गेले असतील, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

चारच्या सुमारास आजोबा आले. साताऱ्याकडचे, ऐंशीच्या घरातले, सोबत नातू. काविळीवर औषध देतात, पैसे घेत नाहीत. गळ्यात माळ घालून ती लांबली की कावीळ उतरली म्हणणाऱ्यांवर ते माझ्याहून जास्त चिडतात. सर मीटिंगमध्ये होते. म्हणून मीच त्यांना मायक्रोस्कोपखाली पेशी दाखवल्या आणि दोन्ही प्लेट शेजारी ठेवून सगळं सांगितलं.

ते बराच वेळ प्लेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंजी माझं औषध लागू पडत न्हाई?”

“असं नाही म्हणत मी, आजोबा. लागू पडतं की नाही हे या पद्धतीने आम्हाला मोजता आलं नाही.”

“मंग ताई, माझ्याकडं आल्याली माणसं बरी झाली ती कशानं?”

हा प्रश्न मला टाळायचा नव्हता. मी सांगितलं की अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपणच बरी होते. बी मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांचं शरीर तिला बाहेर काढतं. पण तीच बाळाला जन्मताना आईकडून लागली तर उलटं होतं, दहातल्या नऊ बाळांत ती मुक्काम ठोकते आणि पुढे कित्येक वर्षं काही दिसत नाही. अशी माणसं त्यांच्याकडे येतच नाहीत, कारण त्यांचे डोळे पिवळे झालेले नसतात. जन्मल्यावर २४ तासांत लस टोचायची ती त्यासाठीच. आणि ई प्रकार गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाला तर जिवावर बेततो.

माझ्या मनात येतं ते असं की त्यांना रागवायला हक्काची जागा होती आणि ते रागावले नाहीत. सकाळी एका माणसाने ‘फार चांगला’ म्हणून बोलावून घ्यायचं आणि संध्याकाळी दुसरीने हे सांगायचं, यात त्यांचा काय दोष? सरांनी नंतर मला म्हटलं की आजोबांना एवढ्या तपशिलात सांगायची गरज नव्हती. मला ती होती असं वाटतं, आजही.

शुक्रवारी आम्ही अर्क दिलेल्या पेशी नीट धुऊन अर्काशिवाय ताज्या मीडियात एक दिवस ठेवल्या. अँटिजेन अर्क न दिलेल्या पेशींच्या आकड्याजवळ आलं. पण याचेही दोन अर्थ निघतात. अर्काने काहीच केलं नव्हतं, किंवा केलं होतं आणि धुतल्यावर ते सुटलं. यातला कुठला, हे ठरवण्यासाठी टॅनिन काढलेला अर्क हवा. पीव्हीपीपी नावाची पांढरी भुकटी टॅनिन धरून ठेवते, तिच्यातून गाळून उरलेला भाग पुन्हा पेशींवर घालायचा आणि जिवंत पेशी ट्रायपॅन ब्लू या रंगाने हाताने मोजायच्या. भुकटी मागवली आहे. अहवालात सरांना ‘आशादायक’ हा शब्द हवा आहे, मी ‘मोजमापात अडथळा’ असं लिहिलंय, आणि तो मसुदा अजून आमच्या दोघांच्या मध्ये फिरतो आहे.

आजोबा निघताना मी त्यांना एवढंच मागितलं की येणाऱ्या प्रत्येक काविळीच्या माणसाला आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला पाठवा. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून ही तपासणी आणि उपचार फुकट आहेत. ते म्हणाले, “पोटुशी बाई आली तर आधी तिकडंच धाडीन, शबूद देतो. बाकीच्यांचं बघू.”

बाकीच्यांचं त्यांनी काय ठरवलं ते विचारायला मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. विद्यार्थिनीलाही यायचं आहे. तिला त्यांच्या शेतातल्या सगळ्या जाती वेगवेगळ्या उपटून, नाव लावून आणायच्या आहेत.