बऱ्हाणपूरला मुक्काम पडला तर

ओंकारेश्वर करून जळगावला परतताना बऱ्हाणपूरला सहसा कुणी थांबत नाही. असीरगडाचा घाट उतरला की सगळ्यांना घराचे वेध लागतात. चहा झालाच तर इच्छापूरला, जमलं तर देवीचं दर्शन, मग मुक्ताईनगर. आमचंही तसंच ठरलं होतं. पण घाटातच बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मंदावत गेले आणि शनवारा गेटजवळ येईतो हॉर्नही वाजेना. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दादाला सांगितलं, "डायनामो गया. कार्बन सुबह मिलेगा." आमचं आपसातलं बोलणं कानावर पडलं तसा लगेच मराठीत आला, "जयगावचे का भो? मग गाडी राहू द्या इथंच. ताई, आईंना घेऊन लॉजवर जा तुम्ही."

लॉज शनवारा आणि बसस्टँडच्या आसपास मिळतात. खोली बघूनच पैसे द्या आणि सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा. गाडी सोबत असेल तर भाड्याआधी पार्किंगचं विचारा, कारण जुन्या गावातल्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरली तर मागे घेणंही अवघड होतं. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, स्टेशन गावात नाही, लालबागला आहे. तिथून रिक्षा करावी लागते.

सामान टाकून आम्ही पायीच निघालो. हे गाव पूर्वी खान्देशची राजधानी होतं. नसीर खान फारुकीने ते वसवलं आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. आज जिल्हा मध्य प्रदेशात आहे, पण इतवारा, बुधवारा अशा मोहल्ल्यांतून फिरताना एका दुकानात उर्दू, दुसऱ्यात गुजराती आणि ओट्यावर बसलेल्या बायकांची थेट रावेरकडची बोली ऐकू येते. कुठल्याशा गल्लीत पॉवरलूमची खडखड चालूच होती.

मांडे बघायला रात्रीच जावं. भट्टीवर मोठी लोखंडी कढई पालथी घातलेली असते. कारागीर मैद्याचा गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर फेकत फेकत असा वाढवतो की शेवटी तो कोपराखाली लोंबायला लागतो, आणि मग झटक्यात कढईवर पसरतो. क्षणभरात बुडबुडे येतात, मांडा उलटतो, चौघडी होऊन बाजूला पडतो. आई तिथेच खिळली. तिच्या माहेरी खापरावरची पुरणपोळी अशीच हातावर वाढवतात. "बाई, पुरण तेवढं नाही, बाकी हात तोच," असं म्हणून तिने त्या माणसाला कणिक किती वेळ भिजवता ते विचारलं. त्यानेही काम न थांबवता, अगदी आदराने सगळं सांगितलं. मांडे बहुतेक सालनाबरोबर, म्हणजे मांसाहारीच खातात. आई माळकरी, तेव्हा आम्ही नुसते मांडे बांधून घेतले आणि शाकाहारी भोजनालयातून शेवभाजी आणली. हे जोडकाम तुम्हीही जरूर करा.

सकाळी आधी जामा मशीद. नमाजाची वेळ आणि शुक्रवारची दुपार टाळा, बायकांनी आत जाण्याआधी विचारून घ्या. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला स्वतः आत नेलं. राजा अली खान, म्हणजे आदिलशाह फारुकी, याने बांधलेल्या या काळ्या दगडाच्या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. सुरुवात 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः'. पुढे अव्यक्त, व्यापक, नित्य अशा ईश्वराला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी शके १५११, संवत १६४६, तिथी-नक्षत्रासकट. दादा एकेक अक्षर लावत वाचत होता, आणि चुकला की ते गृहस्थ पुढचा शब्द सांगत होते. एवढं मोलाचं काही घरापासून इतक्या जवळ आहे हे आम्हाला शाळेत कुणी सांगायला हवं होतं. आपल्या मुलांना तरी नक्की दाखवा.

शाही किल्ल्यात तापीच्या काठचा हमामखाना आहे. त्याच्या छतावरचे रंग अजून टिकून आहेत. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात बाळंतपणात गेली. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन केलं होतं, आग्र्याला नंतर नेलं. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंहही १६६७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेली 'राजाची छत्री' गावाबाहेर आहे, त्यासाठी वाहन हवं.

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर मी कुंडी भंडारा म्हणेन. १६१५ मध्ये, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने अडवून नुसत्या उतारावर शहरात आणलं. वर ओळीने विहिरींसारखी तोंडं दिसतात. लिफ्ट चालू असेल तर खाली उतरता येतं. भिंतींवर चुनखडीची पांढरी पुटं साचली आहेत आणि पायाखालून पाणी वाहतं. लिफ्ट चालू आहे का ते गावातच विचारून निघा, आणि पायात रबरी चपला असू द्या.

बोहऱ्यांचा दर्गा-ए-हकीमी आणि बडी संगत गुरुद्वारा, दोन्हीकडे डोकं झाकायला रुमाल लागतो. गुरु गोविंदसिंग नांदेडला जाताना १७०८ मध्ये इथे राहिले होते. आईला गुरुद्वाऱ्यात फार बरं वाटलं, बराच वेळ बसली. कबीरपंथीयांचं निर्णय मंदिर आणि स्वामिनारायण मंदिर आमचं राहून गेलं.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी दहाच्या आत उरका, पुढे दगड तापतात. इच्छापूरकडचा रस्ता अवजड वाहनांचा आहे, उजेड असतानाच निघा. मावा जिलबी गरम असतानाच तिथेच उभं राहून खावी, घरी न्यायला दराबा ही रव्या-तुपाची मिठाई बरी.