आयर्विनला 50 फूट, म्हणजे तुमच्या दारात किती?

पावसाळ्यात सांगलीत एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पण तेवढ्यावरून आपल्या गल्लीत पाणी कधी शिरणार ते कळत नाही. मग माणसं "बघू अजून थोडं" म्हणत थांबतात आणि सामान, जनावरं, म्हातारी माणसं सगळं एकदम हलवायची वेळ येते.

2019 ला पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. त्या पुराची खूण बऱ्याच भिंतींवर अजून दिसते. उंबऱ्यापासून खुणेपर्यंत टेप लावा. 4 फूट भरले, तर आयर्विनला 53 झाले की पाणी उंबऱ्याला. त्यातून आणखी एक फूट वजा करा, कारण पुलापासून लांब गेलं की पाण्याचा उतार बदलतो, शिवाय हरिपूरला वारणा फुगलेली असली की कृष्णा तुंबते. उरले 52. हा आकडा मीटरच्या पेटीवर रंगवा. पातळी 48 आणि तासाला 4 इंच वाढ असेल, तर हातात 12 तास आहेत.

घर उंचावर असलं तरी बाहेर पडायचा रस्ता आधी बुडतो. म्हणून रस्त्यातल्या सगळ्यात सखल जागेचाही आकडा काढा. महापालिकेनं तो प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर लिहायला हवा. हे काम रंगाच्या डब्यात होतं!

बऱ्याच ठिकाणी पाणी आधी गटारीतून उलटं येतं. नाला नदीला मिळतो तिथं एकाच दिशेनं उघडणारी झडप लागते. तिच्यात प्लास्टिक, ओंडका अडकतो, बिजागरी गंजते. मे महिन्यात झडप हातानं उचलून सोडून बघा. फट राहिली तर उपयोग शून्य. झडप बंद झाल्यावर आतलं पावसाचं पाणी कोंडतं, म्हणून पंप आणि डिझेल उंचावर तयार हवं. घरात कमोडमध्ये वाळूचं पोतं दाबा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर उभा बांधा, अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो.

अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसचे रुग्ण, दिवस भरलेल्या बायका यांची गल्लीवार यादी करा. रस्त्याचा आकडा 52 असेल, तर त्यांना 48 लाच रिक्षानं हलवा. बोटीवर विसंबू नका. 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते.