‘तिला काय आणू?’ : विकासात मागे असलेल्या लेकीसाठी भेटवस्तू निवडताना

लेकीचा चौथा वाढदिवस जवळ आला आणि घरात फोन सुरू झाले. ‘तिला काय आणू गं?’ विचारणारा प्रत्येक जण पुढचं वाक्य गिळून टाकायचा. तिला काय जमतं, काय आवडतं, हे त्यांना कळत नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटत होता. राग यावा असं त्यात काही नव्हतं, कारण नक्की काय सांगायचं हे मलाही ठरवावं लागलं.

तिला ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले आहे. पाच वर्षांखालचं मूल एकाहून जास्त बाबतींत वयाच्या बरंच मागे असेल तर हे निदान देतात. पण ‘मागे’ सगळीकडे सारखं नसतं, हे ऐकणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. हातांनी ती दीड वर्षाची आहे. बोटांची चिमटी अजून नीट होत नाही, वस्तू मुठीत धरून उचलते. शब्द मोजकेच. समज मात्र त्याच्या कितीतरी पुढे. दादाने धडपडल्याचं सोंग केलं की ती खदाखदा हसते, आणि कुणी तिच्याशी बोबडं बोलायला लागलं की तोंड फिरवते. त्यामुळे ‘दीड वर्षाच्या बाळाचं खेळणं घ्या’ हा सल्ला अर्धाच खरा. खुळखुळा तिच्या हाताला जमेल, पण चार वर्षांच्या मुलीला खुळखुळा द्यायचा?

पहिला गुंता खोक्यावरच्या आकड्याचा. ‘३+’ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाएवढी बुद्धी लागते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा बऱ्याचदा घशाची काळजी करत असतो. लहान भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. खेळण्याचा सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी चालत नाही. आमची लेक अजून सगळं तोंडात घालते. म्हणजे सुरक्षेपुरती ती तीनच्या आतच, जन्मदाखल्यावर काहीही लिहिलेलं असो. म्हणून मी तो आकडा दोन पद्धतींनी वाचायला लागले. सुरक्षेसाठी तंतोतंत पाळायचा आणि आवडीसाठी साफ दुर्लक्ष करायचं.

काही वस्तूंना तर घरात मज्जावच केला. नाण्यासारखी चपटी बॅटरी असलेली आणि झाकणाला स्क्रू नसलेली खेळणी नकोत. ती बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत भाजू शकतं. ताकदवान छोटे लोहचुंबक नकोत, कारण पोटात दोन गेले तर आतड्याला मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी नकोत. रबरी फुगेही नकोत. सजावटीसाठीसुद्धा नकोत, यावर घरात थोडी नाराजी झाली. मी हटले नाही.

मग दुकानांच्या नादी लागण्याआधी तिच्याकडेच बघत बसले. ‘काय येत नाही’ याची यादी तपासण्यांच्या कागदांवर होतीच. मला हवं होतं, कुणी न सांगता, कुणी शाबासकी न देता ती काय करत बसते ते. ती डब्यात वस्तू टाकते. टाकल्यावर थांबते, तळाशी आवाज होतो तो ऐकते, मग दुसरी टाकते. कपाटाची कडी वर-खाली करते. दिव्याचं बटण दाबून वर बघते, पुन्हा दाबते, पुन्हा बघते. तिन्हींत सूत्र एकच : मी काहीतरी केलं आणि त्यामुळे काहीतरी झालं. कॉज अँड इफेक्ट हे शब्द थेरपीत मी कितीदा ऐकले असतील. पण ती कडी हलवताना तिचा चेहरा बघितला तेव्हा भेट कुठल्या दिशेची असावी ते उमगलं.

ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे हातांची आणि रोजची कामं जमावीत म्हणून तिच्याकडून सराव करून घेणाऱ्या बाईंना, विचारलं तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘खेळणं हवंय की गृहपाठ?’ हा प्रश्न मला फार उपयोगी पडला. विशेष मुलांसाठी म्हणून जे विकलं जातं त्यातलं निम्मं गृहपाठच असतं : मणी ओवा, बटणं लावा, रंग जुळवा. वाईट नाही ते, पण आठवडाभर ती तेच तर करत असते. इतर मुलांच्या वाढदिवसाला कुणी पाढ्यांचं पुस्तक बांधून आणत नाही. ती आधीच जे मजेत करते त्याच्या जवळपासचं, फार तर अर्धं पाऊल पुढचं असं काही शोधा, असं त्या म्हणाल्या. अर्धंच, कारण पूर्ण पाऊल पुढचं खेळणं घेतलं की मोठी माणसं हात धरून शिकवायला बसतात आणि खेळ संपतो.

दिवे लागणारी, गाणारी, ‘ए फॉर’ म्हणणारी खेळणी आणायचा नातेवाइकांना फार उत्साह असतो. ‘बोलायला शिकेल’ असं पाठच्या पॅकिंगवर लिहिलेलं असतं ना. २०१५ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात उलटं दिसलं होतं. दहा ते सोळा महिन्यांच्या मुलांबरोबर आईवडील बॅटरीच्या खेळण्यांनी खेळले तेव्हा आईवडिलांचं स्वतःचं बोलणं कमी झालं. पुस्तकं आणि साध्या खेळण्यांबरोबर ते जास्त होतं. खेळणं बोलतं, माणूस गप्प बसतो. उशिरा बोलणाऱ्या मुलीच्या घरात हे परवडणारं नाही. माझी कसोटी म्हणून सरळ झाली : या खेळण्याला दुसरं माणूस लागतं का? साबणाच्या फुग्यांची बाटली या कसोटीत पहिली येते. फुगे संपले की ती माझ्याकडे बघते, ओठ मिटून ‘म्’ करते, म्हणजे ‘अजून’. या एका ‘म्’साठी आम्ही महागड्या वस्तूंसमोर किती वेळ घालवलाय.

तरी बॅटरीला सरसकट नकार दिला नाही. ज्या मुलांचे हात फारसे चालत नाहीत त्यांच्यासाठी मोठ्या बटणाची सोय असते. तळहाताने, कोपराने, अगदी डोक्यानेही दाबता येईल असं रुंद बटण, आणि त्याची वायर खेळण्याला जोडलेली. साध्या चालू-बंद खटक्याच्या खेळण्यात बॅटरी आणि पत्र्याच्या मध्ये एक पातळ चकती सरकवली की ते या बटणावर चालतं. आमच्या लेकीला त्याची गरज नव्हती, पण थेरपीत एक मुलगा असंच बटण दाबून कुत्रा भुंकवतो आणि सगळ्या खोलीला दचकवतो. त्याच्या आईने मला हे सगळं समजावलं. घरात आधीपासून असलेल्या कर्कश खेळण्यांच्या स्पीकरवर मी जाड चिकटपट्टी लावली. आवाज निम्मा झाला आणि लेक कानांवर हात न ठेवता खेळायला लागली.

शेवटी आमच्याकडून घेतली ती चेंडूंची लाकडी घसरगुंडी. वरून चेंडू सोडायचा, तो वळणं घेत खाली येतो आणि शेवटी घंटीवर आपटतो. चेंडू मुठीत मावणारे, पण तोंडात न जाणारे. खेळण्यावर बाळांची चित्रं नाहीत, त्यामुळे सहा वर्षांचा दादाही लाज न वाटता खेळतो. हा माझ्यासाठी मोठा निकष होता. भावंड स्वतःहून शेजारी येऊन बसेल असं खेळणं हवं होतं, नाहीतर तिच्यासोबत खेळणं हे त्याच्यासाठी काम होऊन बसतं. घसरगुंडी ढकलली जाऊ नये म्हणून खाली न घसरणारी रबरी चटई टाकली. जाड पुठ्ठ्याची पुस्तकंही घेतली, पण पानं सुटी करणं तिच्या बोटांना जमत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर फोमचा तुकडा चिकटवला. पानांमध्ये फट राहते, बोट आत शिरतं. तुकडा उपटून तोंडात जाणार नाही इतका घट्ट बसलाय ना, हे मात्र अधूनमधून ओढून बघते.

नातेवाइकांना काय सांगायचं, हा भाग मला सगळ्यात अवघड वाटला होता. ‘काहीही चालेल’ म्हटलं की हमखास काहीतरी भलतंच येतं, आणि यादी पाठवली की आगाऊपणा वाटतो. मी मधला मार्ग काढला : तिला काय करायला आवडतं ते लिहून पाठवलं, वस्तूचं नाव लिहिलं नाही. ‘टाकायला, आपटायला, वाजवायला आवडतं. अजून तोंडात घालते. वयाचा आकडा बघू नका, सुटे भाग बघा.’ काकाने ढोल आणला. आत्याने विचारलं, ‘वस्तूऐवजी मी तिला दर शनिवारी पोहायला नेलं तर चालेल का?’ चालेल काय, धावेल. आजीने, म्हणजे माझ्या आईने, मात्र भरतकाम केलेली बाहुली आणली, डोळ्यांना दोन काळी बटणं. आईला काही न बोलता रात्री मी ती बटणं काढून तिथे दोऱ्याने डोळे शिवले. आईच्या लक्षात आलं, पण तीही काही बोलली नाही.

वाढदिवसाच्या दिवशी सगळं एकदम उघडलं नाही. चिकटपट्टीने गुंडाळलेला कागद फाडणं तिच्यासाठी वैतागच, म्हणून वस्तू सैल कापडी पिशव्यांत ठेवल्या. एक पिशवी उघडायची, खेळायचं, कंटाळली की पुढची. दोन भेटी तर दुसऱ्या आठवड्यापर्यंत कपाटात होत्या. समोर चारच खेळणी ठेवली तर लहान मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळतात, सोळा ठेवली तर नाही, असं २०१८च्या एका अभ्यासात आढळलं होतं. आमच्याकडे चारसुद्धा जास्त होतात.

एका पाहुण्यांनी शंभर तुकड्यांचं जिगसॉ आणलं. दादाने ते लगेच स्वतःच्या खोलीत नेलं आणि बहिणीला त्याचं रिकामं खोकं दिलं. तिने घसरगुंडीचे चेंडू एकेक करून त्यात टाकले, मग खोकं उपडं केलं, मग परत टाकले. पाहुणे म्हणाले, ‘अरे वा, आवडलं की तिला!’ मी ‘हो’ म्हटलं.